'झिजलं', 'घासलं' की 'खाल्लं'? शिडाच्या होडीच्या दुरुस्तीचे शब्द

प्रश्न, नाशिकहून

गंगापूर धरणाच्या पाण्यावर आम्ही चौघं मिळून एक जुनी शिडाची होडी चालवतो. यंदा डेकवरचं सगळं सामान खोलून तपासलं आणि दुरुस्तीची यादी मराठीत लिहायला घेतली. नव्याने शिकायला येणाऱ्या मुलांना ती वाचता यावी, एवढीच इच्छा. शीड, डोलकाठी, सुकाणू झाले, कप्पी शाळेच्या विज्ञानातून आली, आणि पुढे अडलो. कप्पीच्या आतलं चाक ज्यावर फिरतं ती पिन, डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा, यांना काय म्हणू? मुख्य अडचण बिघाडाची आहे. पिनचं भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय. हे 'झिजलं' की 'घासलं'?

सातपूरहून

दादा, आमच्या वर्कशॉपात हे तीन वेगळे शब्द आहेत. 'घासलं' म्हणजे वरवर ओरखडे, माप तेच, अजून चालेल. 'झिजलं' म्हणजे माप उतरलं; व्हर्नियर लावून बघायचं. 'खाल्लं' म्हणजे एकाच बाजूने गेलं. पिनने भोक खाल्लं, दोराने चाक खाल्लं. यात खाणारा कोण ते सांगावंच लागतं, म्हणून दुरुस्तीला हाच शब्द सगळ्यात उपयोगी. नुसतं 'झिजलं' लिहिलंत तर मुलं चाक बदलतील आणि वाकडा लागणारा दोर तसाच राहील.

तुमच्या भोकाला आम्ही 'ओव्हल झालं' म्हणतो. त्यात जाड पिन कोंबू नका, ती दोनच जागी टेकते आणि पुन्हा खाते. भोक मोठं करून गोल करा आणि बुश, म्हणजे भोकात घट्ट बसणारी छोटी नळी, मारा. पत्रा पातळ असेल तर बुशाला धरायला जागाच नसते, तेव्हा कप्पीच बदला.

निफाडहून

आमच्या विहिरीवर मोट होती, तेव्हा दोर आणि चाक यांचे शब्द समुद्रावरूनच यावेत असं नाही. वर चाक, त्यावरून जाड नाडा. खाली कणा, त्यावरून बारीक सोंदूर. कप्पीच्या आतल्या गोल भागाला 'चाक' पुरे आणि पिनला 'आस'. 'कणा' मात्र घेऊ नका, तो आडवा रूळ असतो, अर्थ घसरेल. चाकावर दोरासाठी मुद्दाम केलेली ती 'खोबण', दोराने नंतर पाडलेला तो 'चर'. खोबणीत चर दिसला की चाक उतरवायचं.

डोलकाठीच्या तारांना 'तणावे' म्हणा. तंबूचे तणावे सगळ्यांना माहीत आहेत, कामही तेच.

पुन्हा नाशिकहून

'तणावे' लगेच लिहून टाकला. इतका नेमका शब्द घरात असताना मी इंग्रजी शब्दाच्या मागे लागलो होतो.

आता डेकमधल्या स्क्रूच्या भोकांबद्दल. आम्ही सरसकट 'गळतंय' म्हणायचो. पण पाणी थेंबाथेंबाने खाली उतरतं ते 'झिरपणं', आणि फायबरच्या दोन थरांमधल्या लाकडात शिरून तिथेच राहतं ते 'मुरणं'. झिरपलेलं दिसतं, मुरलेलं दिसत नाही. डेक पायाखाली मऊ लागला की कळतं. धरणाचं पाणी गोडं असलं तरी लाकूड कुजतंच. झिरपत असेल तर फिटिंग काढून नवं सीलंट भरून पुन्हा बसवायचं. मुरलं असेल तर आधी लाकूड पूर्ण वाळवायचं, कुजलेलं काढायचं, भोक मोठं करून इपॉक्सीने, म्हणजे कडक होणाऱ्या राळेने, भरायचं आणि मग त्या इपॉक्सीतच नवं भोक पाडायचं. एका शब्दाच्या फरकाने कामाचे आठ दिवस वाढतात.

यादीतल्या ओळी आता अशा आहेत: 'पुढची कप्पी: आसाने भोक खाल्लं, बुश मारणे. डावा तणावा: खालच्या टोकाला पिळातल्या दोन बारीक तारा तुटल्या, पूर्ण बदलणे. दोर बांधायची उजवी खुंटी: बुडाशी पाणी मुरलं.'

एक राहिलं. दोन दातेरी जबडे स्प्रिंगवर मिटतात आणि दोर मध्ये धरतात, त्या वस्तूला काय म्हणू? दात झिजल्याने दोर सुटतोय.

सातपूरहून

'दातेरी पकड' म्हणा. आणि दात 'झिजले' नको, 'बोथटले' लिहा.