दुरंगी इम्पेशन्स: विकण्याआधी

साताऱ्यातल्या शेडनेटमध्ये फांदीवर निघालेला दुरंगी फुलांचा न्यू गिनी इम्पेशन्स (कुंडीतलं एक फुलझाड) यंदाच नर्सऱ्यांना द्यावा का, असं एकानं विचारलंय. इतक्यात नको. आधी छाटकलमांच्या (फांदीचे तुकडे लावून केलेल्या रोपांच्या) तीन पिढ्या काढा. एखादी फांदी एकरंगी फुलली तर वाण अजून स्थिर नाही. बियांच्या नादी लागू नका, रंग टिकत नाही. कलम तीन इंची, बिनकळीचं, धुतलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावा. साधारण दोन आठवड्यांत मुळं फुटतात. बुडखा काळा, मऊ पडला तर बहुतेक पाणी जास्त झालं आणि पिथियम (मुळं कुजवणारा बुरशीसारखा रोग) शिरला.

या वाणावर कायदेशीर हक्क हवा असेल तर ही प्रजाती २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या अधिसूचित यादीत आहे का, ते पाहा. नोंदणीचा अर्ज पहिल्या विक्रीपासून वर्षाच्या आत हवा. मंडईत हौसेनं विकलेल्या दहा कुंड्याही विक्रीत धरतात!