खांदा आखडला होता का कधी? तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठ

काल विश्रामबागेत एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. यजमानीण बाई माझ्यापाशी आल्या, डाव्या हातानं उजव्या हाताचं कोपर खालून उचलून धरलं आणि मग त्यांचं बोट माझ्या कपाळाला टेकलं. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, कारण २०१९ च्या संक्रांतीला मी अगदी असंच हळदीकुंकू लावलं होतं. वाण घेऊन रिक्षात बसले आणि रडू फुटलं.

माझं दुखणं २०१८ च्या दिवाळीत सुरू झालं. आधी वाटलं, फराळाच्या कामानं हात भरून आलाय. मग दोरीवर कपडे टाकता येईनात, वेणी जमेना, ब्लाउजचा हुक तर मुलीनं लावून द्यायचा. रात्री त्या कुशीवर चुकून वळलं तर ठणका असा की उठून बसायचं. एक्स-रे काढला, तो स्वच्छ. "काही नाही, वयाप्रमाणे दुखणारच," असं एका ठिकाणी सांगितलं. दिसत काहीच नाही ना, म्हणून घरच्यांनाही वाटायचं की मी कामं टाळतेय. हे सगळ्यात जास्त लागलं.

चूक माझीही झाली. दुखतंय म्हणून हात ओढणीत बांधून ठेवला, चांगला दोन महिने. तेवढ्यात तो पुरता जाम झाला. पुढे मिरजेत एक फिजिओ भेटल्या. त्यांनी भिंतीवर बोटांनी चढायला शिकवलं. रोज जिथवर बोटं पोचतील तिथं पेन्सिलीची खूण करायची आणि तारीख घालायची. स्वयंपाकघराशेजारच्या भिंतीवर माझ्या खुणा एकेक बोटानं वर सरकत होत्या. ऑगस्टात महापूर आला. आमचं घर गावभागात. पाणी ओसरल्यावर आत पाऊल टाकलं तर खालच्या सगळ्या खुणा गेलेल्या, वरच्या सहा-सात तेवढ्या राहिलेल्या. त्या भिंतीला रंग देताना मी तेवढा तुकडा सोडायला लावला.

बरं व्हायला एकूण दीड वर्ष लागलं. तुमचं कसं झालं ते लिहा. त्या बाईंना काय सांगू, तेही सांगा.

तासगावकर

डावा खांदा. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आणि हात कानाच्या वर जाईना. बागेत मंडपाखाली दिवसभर हात वरच असतो, त्यामुळं मला वाटलं कामाचाच ताण. डॉक्टरांनी खांदा बघायच्या आधी साखर तपासायला लावली. ३१२ निघाली. मला पत्ताच नव्हता. वडलांना होती, आजोबांनाबी असणार. म्हणजे खांद्यामुळं साखर सापडली, असं म्हणायचं.

सांध्यात इंजेक्शन घेतलं. ठणका लगेच उतरला, पण साखर चार-पाच दिवस वर गेली. डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. साखर असेल त्यांनी इंजेक्शन घेताना हे जरूर विचारून घ्या. त्या वर्षी छाटणी घरच्या मंडळींनी मजूर लावून उरकली. मी खाली बसून काड्या गोळा करत होतो, आणि मला ते लई जड गेलं.

जुन्या विहिरीची कप्पी काढून शेडच्या तुळईला बांधली. दोरीचं एक टोक चांगल्या हातात, दुसरं धरलेल्या हातात. चांगल्या हातानं खाली ओढायचं, दुसरा आपोआप वर. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं.

जाई_जुई

वाचतेय. माझं सध्या चालूच आहे, तिसरा महिना. रात्रीचे दोन वाजलेत, बसून टाइप करतेय. बरं होतं ना नक्की??

कृष्णाकाठ

होतं गं. दुखऱ्या हाताखाली एक उशी आणि पोटाशी एक उशी घेऊन उताणी झोपून बघ. मला त्यानं तीन-तीन तास सलग झोप लागायला लागली.

धाकटी_जाऊ

आमच्या सासूबाईंना झाला होता, सातारला. यवतेश्वरच्या रस्त्यावर घर आहे आमचं. त्या फारशा बोलणाऱ्या नाहीत. माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती, पण आमच्यात "चहा झाला का" याच्यापुढे गाडी जायची नाही. खांदा धरल्यावर त्यांना वेणी घालता येईना. दोन दिवस तशाच बसल्या, कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी फणी घेऊन मागे जाऊन बसले. आठ महिने रोज सकाळी मी वेणी घातली. त्या वेळात त्यांनी मला सगळं सांगितलं, माहेरचं, माहुलीच्या घाटावरचं लहानपण, गेलेल्या बाळाचं. समोरासमोर बसून नसत्या बोलल्या. पाठ होती ना माझ्याकडे.

आता हात पूर्ण वर जातो. वेणी अजून मीच घालते.

खडू_फळा

धाकट्या जाऊबाई, डोळे भरून आले.

मी शिक्षिका, सातारा तालुक्यातल्या शाळेत. मला कळायच्या आधी मुलांना कळलं. फळ्यावर मी पहिली ओळ वरच्या कडेला लिहायचे, ती दर आठवड्याला खाली यायला लागली. सातवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, तारीख न् सुविचार मी लिहिते रोज, तुम्ही खालचं लिवा." तिनं वर्षभर लिहिलं. तिच्या अक्षरासारखं सुंदर अक्षर मी अजून पाहिलं नाही.

मिरजकर

मी फिजिओ आहे, म्हणून थोडं लिहिते. पेशंट यायच्या आत संपवते.

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, कॅप्सूल. तिला सूज येते, मग ती जाड होऊन आक्रसते. साध्या एक्स-रेत ती दिसत नाही, म्हणून तो नॉर्मल येतो. कृष्णाकाठताई, तुमचं दुखणं खोटं नव्हतं. ओळखायची एक खूण सांगते. खांद्याचा स्नायू फाटला असेल तर पेशंटला स्वतःहून हात वर नेता येत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर बहुतेक वेळा जातो. इथे दुसऱ्यानं उचलला तरी अडतो. कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेर वळवायला सांगितलं की आधी तिथेच अडकतो.

टप्पे तीन. पहिल्यात ठणका, दुसऱ्यात दुखणं कमी पण हात जाम, तिसऱ्यात हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. चाळीस ते साठ वयात जास्त, बायकांत जास्त. एरवी शंभरात २ ते ५ जणांना होतो, मधुमेह असेल तर १० ते २० जणांना. थायरॉइडवाल्यांनाही धोका असतो. कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जननं १९३४ मध्ये याला फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं. वाकून, एक हात टेबलावर ठेवून दुसरा लोलकासारखा झुलवायचा जो व्यायाम आम्ही देतो, तोही त्याच्याच नावानं ओळखतात.

जाई_जुई, तू पहिल्या टप्प्यात आहेस. आत्ता जोर लावून ताणू नकोस, फक्त झुलव. शेक घे. रात्रीच्या ठणक्यासाठी डॉक्टरांकडून गोळी घे, सहन करत बसू नकोस. साखर आणि थायरॉइड दोन्ही तपासून घे. आणि हात गळ्यात बांधू नकोस.

डबलबेल

एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. उजवा खांदा. गाडीत घंटीची दोरी डोक्यावर असते, दिवसातून दोनशे वेळा तरी ओढायची. हात जाईना. डाव्या हातानं ओढायला लागलो तर तिकिटं खाली पडायची. सातारा-सांगली फेरीला आमचे चालक आरशातून बघून बघून स्वतःच गाडी सोडायचे, मला हात वर करू द्यायचे नाहीत. तो माणूस आता नाही. त्याची आठवण आली म्हणून लिहिलं.

मागच्या खिशातलं पाकीट निघायचं नाही, ते सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागलो. अजून तिथंच ठेवतो.

कराडची

एक महत्त्वाचं. माझ्या दिरांचा डावा खांदा दुखत होता, सगळे म्हणाले आखडलाय, तेल लावा. जिना चढताना वाढायचं, बसलं की थांबायचं, घामही यायचा. ते हृदयाचं निघालं. वेळेत नेलं म्हणून वाचले. डावीकडचं दुखणं चालताना वाढत असेल तर मालिशवाल्याकडे जाऊ नका, आधी ईसीजी काढा.

मिरजकर

कराडची +१. अगदी बरोबर.

ओढ्यापलीकडे

मालिशवरून आठवलं. आमच्या गावाजवळ एकाकडे नेलं होतं मला. त्यानं काखेत गुडघा देऊन हात खेचला. चार दिवस ताप. नंतर वर्षभर व्यायाम करूनही हात सुटेना, तेव्हा भूल देऊन सांधा मोकळा करून घेतला. दुसऱ्याच दिवशी फिजिओ सुरू. दुखलं, पण सहा आठवड्यांत हात डोक्यावर. प्रत्येकाला लागत नाही हे, मला लागलं.

सांगलीवाडी

माझा मुलगा जपानी कंपनीत आहे. तो म्हणाला, तिकडे याला गोजूकाता म्हणतात, म्हणजे पन्नाशीचा खांदा. माझा एकावन्नाव्या वर्षी धरला, आणि तो सुटल्यावर तीन वर्षांनी दुसरा. पण दुसऱ्या वेळी भीती वाटली नाही, काय होणार ते माहीत होतं.

कृष्णाकाठ, वाणात काय होतं हो काल?

कृष्णाकाठ

राजापुरी हळदीच्या पुड्या, आणि एकेक कापडी पिशवी. हळद इतकी छान आहे की आजच्या आमटीचा रंगच वेगळा.

खडू_फळा

हळदीचा लेपही लावला होता मी, आंबेहळद घालून. ऊब बरी वाटायची. हात वर गेला तो मात्र भिंतीमुळेच.

जाई_जुई

तासगावकर दादा, कप्पी कुठे मिळेल? आमच्याकडे विहीर नाही.

तासगावकर

ताई, हार्डवेअरच्या दुकानात मागा. पडद्याची बारकी नको, तिच्यातून दोरी अडकती. जाड सुती दोरी घ्या, नायलॉननं तळवा सोलतोय. पण बाईंनी आत्ता फक्त झुलवा म्हटलंय ना? मग कप्पी त्यांना विचारून, महिन्याभरानं.

मिरजकर

बरोबर सांगितलंत दादा. ठणका उतरल्यावर कप्पी.

कृष्णाकाठ

त्या यजमानीण बाईंना आज फोन केला. त्यांनी घरात अजून कुणाला सांगितलेलंच नाही. उद्या दुपारी येतात आमच्याकडे. भिंत दाखवणार आहे.

जाई_जुई

काल उशी घेऊन झोपले. साडेचारपर्यंत जाग आली नाही.