आसा अहीर: माणूस होता, की अशीरगडाच्या नावातून काढलेली गोष्ट?

लळिंगकर

बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडाचा विषय निघाला की आसा अहीर येतोच. पाच हजार म्हशींचा धनी असलेला गवळी, दुष्काळात कोठारं उघडणारा, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून गडाचा तट बांधून घेणारा. आणि शेवटी खानदेशच्या सुलतानानं, नासिरखान फारुकीनं, डोल्यांत शिपाई बसवून त्याचा घात केला. खानदेशात ही गोष्ट इतिहास म्हणून सांगतात. माझं म्हणणं असं की यात इतिहास फार थोडा आहे.

नासिरखान गादीवर आला १३९९ मध्ये आणि गड घेतला १४०० च्या सुमारास. गोष्ट मिळते फिरिश्ता या फारसी इतिहासकाराकडे. तो विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता आणि लिहितो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे मध्ये दोनशे वर्षं गेली. त्या दोनशे वर्षांतला आसाचं नाव असलेला एक शिलालेख दाखवा. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत शके १५११ चा संस्कृत लेख आहे, फारुकींची वंशावळ त्यात राजा मलिकापासून दिली आहे. आसाचा पत्ता नाही.

नावाचंही बघा. आसा अधिक अहीर, झालं आसीर. गावाच्या नावाची फोड करून मूळपुरुष उभा करायचा ही आपल्याकडची जुनी खोड आहे. असे पुरुष गावोगाव सापडतील.

डोल्यांचं तर विचारूच नका. १५३८ मध्ये शेरशहानं रोहतासगड घेतला, तिथेही हीच कथा: बायका म्हणून डोल्या आत, डोल्यांत पठाण. शेरशहाचा इतिहास लिहिणारा अब्बासखान सरवानी स्वतः पठाण, अकबराच्या काळातला, तो स्पष्ट म्हणतो की ही गोष्ट साफ खोटी आहे, मी चौकशी केली आहे. किल्ला लढून पडला नाही की लोक डोल्या आणून उभ्या करतात.

तापीपूर्णा

दादा, मशिदीच्या लेखाचा मुद्दा मागे घ्या. आपल्या मूळपुरुषाच्या मुलानं पाहुणचाराच्या नावाखाली ज्याला मारलं, त्याचं नाव स्वतःच्या मशिदीवर कोण कोरेल? शिवाय तो लेख वंशावळीचा आहे, लढायांचा नाही. त्यात नाव नाही, यावरून काहीच ठरत नाही.

फिरिश्ता विजापुरात बसून ऐकीव लिहीत होता हेही बरोबर नाही. आदिलशहाची मुलगी अकबराच्या मुलाला, शहजादा दानियालला दिली, तिच्यासोबत तो १६०४ मध्ये बऱ्हाणपूरला आला होता. गड पडून तेव्हा तीन वर्षं झाली होती. फारुकींच्या पदरी राहिलेली माणसं शहरात हयात होती आणि या घराण्याची माहिती त्यानं तिथे विचारून घेतली.

आता गोष्टीतला भूगोल तपासा. नासिरखान धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर होता, थाळनेर भावाकडे, मलिक इफ्तिकारकडे. तो आसाला कळवतो की बागलाण आणि अंतूरचे राजे उठले आहेत, लळिंग त्यांच्या तोंडाशी आहे, माझी बायकामुलं तुझ्याकडे ठेव. नकाशा काढून बघा. बागलाण पश्चिमेला, अंतूर दक्षिणेला, अशीरगड दूर पूर्वेला सातपुड्याच्या खिंडीवर. निमित्त अगदी पटण्यासारखं आहे. नुसत्या नावातून गोष्ट रचणाऱ्याला इतका बारकावा कशाला हवा होता?

गिरणाकाठ

भूगोल बरोबर असला तरी गणित बसत नाही. फिरिश्त्याचे आकडे घ्या: ५,००० म्हशी, ५,००० गाई, २०,००० मेंढ्या, १,००० घोड्या. गडाचा माथा साधारण ६० एकर, म्हणजे २ लाख ४३ हजार चौरस मीटर. ३१,००० जनावरांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला आठ चौरस मीटरसुद्धा येत नाही, तेही एकही घर, टाकं, कोठार न धरता.

पाणी बघा. उन्हाळ्यात म्हशीला रोज ५० लिटर धरा, गाईला ४०, घोडीला ३०, मेंढीला ४. अडीच लाख, दोन लाख, तीस हजार आणि ऐंशी हजार. रोजचे साडेपाच लाख लिटर झाले, आणि त्याचे २,००० चाकर अजून धरलेले नाहीत. पायथ्यापासून साडेआठशे फूट वर हे पाणी कोण नेणार?

सावदेकर

काय सांगस भो! म्हशी गडावर बांधल्या होत्या असं फिरिश्ता कुठे म्हणतो?

थाळनेरी

सावदेकरांनी नेमकं बोट ठेवलं. गिरणाकाठ भाऊ, तुमचा हिशेब बरोबर आहे पण तो लावलात चुकीच्या जागी. गवळी माणूस गुरं गडावर पाळत नाही. चराई तापीच्या खोऱ्यात आणि सातपुड्याच्या उतारावर. गड फक्त धाड आली की आसऱ्याला. फिरिश्ताही तटाचं कारण तेच देतो, लुटारूंपासून गुरं राखणं.

आणि आसऱ्यापुरतं पाणी पुरतं का? तुमचेच ६० एकर घ्या. पाऊस ८०० मिलीमीटर धरला तर माथ्यावर वर्षाला १९ कोटी लिटरच्या वर पाणी पडतं. त्याचा दहावा भाग जरी टाक्यातळ्यांत अडला तरी १ कोटी ९० लाख लिटर. रोज साडेपाच लाखांनी उपसलं तर महिनाभर निघतो. धाडी महिनाभर टिकत नसत. अर्थात हौदांना झाकण नसतं, मार्च ते मे बाष्पीभवनानं पातळी झपाट्यानं उतरते, त्यामुळे वैशाखात हा महिना दोन आठवड्यांवर येईल. सगळी जनावरं वर आणायची गरजही नव्हती. धाड पडणार ती घोड्या आणि दुभत्या म्हशींवर, मेंढरं रानात पांगवता येतात.

आकडे गोल आहेत, हे मात्र मान्य. पाच हजार, पाच हजार, वीस हजार. फारसी लिखाणात असे आकडे मोजून येत नाहीत, ‘अफाट’ म्हणायची ती एक रीत आहे.

लळिंगकर

आकडे रीतीचे म्हणून सोडायचे असतील तर ७०० वर्षंही सोडा. आसाचे पूर्वज त्या डोंगरावर सुमारे सातशे वर्षं होते असं फिरिश्ता म्हणतो. म्हणजे इसवी सन ७०० पासून सलग. त्या काळातले खरे लेख खानदेशात आहेत, ते काय सांगतात? चाळीसगावजवळ वाघळीचा लेख, शके ९९१, मौर्य घराण्याचा गोविंदराज, यादव सेउणचंद्राचा मांडलिक. पाटणचा लेख, शके ११२८, निकुंभांच्या आश्रयानं भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं काढलेल्या मठाचा. मौर्य आहेत, निकुंभ आहेत, यादव आहेत. अहीर राजे कुठे आहेत?

कान्हदेशी

चाळीसगाव कुठे आणि अशीरगड कुठे, आप्पा! मध्ये दीडशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. गिरणेच्या खोऱ्यात निकुंभ होते म्हणून सातपुड्याच्या खिंडीवर गवळी नव्हते असं होत नाही. गवळी सरदार ताम्रपट काढत नाही. त्याची सत्ता कुरणावर आणि वाटेवर असते. डोंगर धरून बसलेल्या, वरच्या राजाला गरजेप्रमाणे मान देणाऱ्या माणसाचा लेख शोधणंच चूक. फिरिश्ताही आसाला राजा म्हणत नाही, श्रीमंत जमीनदार म्हणूनच रंगवतो. राजा आपण केला, ‘गवळी राज’ म्हणत.

आभीर, म्हणजे अहीरच, या मुलखात नवे नाहीत. नाशिकच्या पांडवलेण्यात ईश्वरसेन आभीराचा नवव्या राज्यवर्षाचा लेख आहे, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवल्याचा. तो तिसऱ्या शतकातला. बोलीचं नावच अहिराणी.

लळिंगकर

ईश्वरसेन आणि आसा यांच्यात अकराशे वर्षं आहेत. ‘अहीर इथे होते’ आणि ‘आसा नावाचा अहीर होता’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं कोणी नाकारत नाही.

पाचोरेकर

अशीरगडावर कनौजच्या मौखरी घराण्यातल्या राजा शर्ववर्म्याची सहाव्या शतकातली तांब्याची मुद्रा मिळाली आहे. अश्वत्थामा पूजेला येतो असं सांगतात ते महादेवाचं देऊळही आहे, गडाचं नावही त्याच्यावरूनच म्हणतात. म्हणजे गड आसाच्या कितीतरी आधीचा.

थाळनेरी

मुद्रा हातात मावणारी वस्तू आहे, पत्राबरोबर कुठेही जाते. तेवढ्यावर मौखरींचं राज्य अशीरगडापर्यंत आणता येत नाही. ‘अश्वत्थामा’चं ‘आसीर’ कसं झालं, हे अजून कोणी अक्षर अक्षर उतरवून दाखवलेलं नाही.

गिरणाकाठ

गुरांचा हिशेब मागे घेतो. डोल्यांचा मात्र घेत नाही. दुसऱ्या दिवशी २०० डोल्या वर गेल्या असं आहे. डोलीला चार भोई, म्हणजे ८०० माणसं. चढाच्या अरुंद वाटेवर एकामागे एक, प्रत्येकीला सहा मीटर धरले तर रांग १,२०० मीटर. पहिली डोली दरवाजात, तेव्हा शेवटची पायथ्याशीच. पहिल्या पाचपन्नास उतरल्यावर आरडाओरडा झाला की दरवाजा बंद, बाकीचे दीडशे उन्हात. शिवाय हत्यारबंद पुरुष बसलेली डोली भोयांच्या चालीवरून ओळखू येते. पाय जड पडतात, खांदा वारंवार बदलावा लागतो.

तापीपूर्णा

म्हणूनच गोष्टीत पहिला दिवस आहे. आदल्या दिवशी खरोखरच्या बायका पाठवल्या, आसाच्या घरच्या बायका त्यांना भेटून गेल्या, मग पहारा सैल झाला. दुसऱ्या दिवशी आसा स्वतः मुलांसह सामोरा गेला. धनी आणि वारस पहिल्याच झटक्यात पडले तर दरवाजा बंद करायचा हुकूम कोण देणार? डोल्या पन्नास असत्या तरी काम झालं असतं. भोईसुद्धा शिपाईच असतील. दोनशेचा आकडा फुगवलेला माना, पण युक्ती अशक्य नाही.

लळिंगकर

शक्य आहे म्हणून घडलं, असं होत नाही ना ताई. मला खटकतं ते वेगळंच. फिरिश्ता बऱ्हाणपुरात कधी आला? १६०४. गड कधी पडला? जानेवारी १६०१. अकबर फौज घेऊन कित्येक महिने बसला, गड तोफेनं पडला नाही. बहादूरखान फारुकी बाहेर आला तो शपथेवर विश्वासून, आणि अकबरानं त्याला अडकवून ठेवला, असं जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून आलेली हकीकत सांगते. मुघल दरबारचे लेखक रोगराईचं कारण देतात. तिथे हजर असलेल्यांतही एकमत नाही.

अशा शहरात तीन वर्षांनी कोणी विचारलं की गड तुमच्याकडे आला कसा, तर माणसं काय सांगतील? दग्यानं गेला, दग्यानंच मिळाला होता. १६०१ चं दुःख १४०० वर चढवलेलं आहे, असा माझा संशय.

कान्हदेशी

हा मुद्दा चांगला आहे, पण दुधारी आहे. फारुकींच्या जुन्या माणसांनी गोष्ट रचली असती तर स्वतःच्या धन्याला दगाबाज आणि अहीराला दानशूर केलं असतं का? रचायचीच होती तर नासिरखान पराक्रमानं चढला असता. घराण्याला कमीपणा आणणारी आठवण त्याच घराण्याच्या शहरात टिकते, तेव्हा तिच्या मुळाशी काहीतरी असतं. डोल्या नंतर चिकटल्या असतील. पाहुणा होऊन आलेल्यानं घरधनी मारला, एवढं मूळ मला खरं वाटतं.

लळिंगकर

एवढं मूळ मीही बाजूला ठेवतो, फेटाळत नाही. नाव मात्र अजून पटत नाही. गडाला ‘आसीर’ आसावरून म्हणतात की आसा ‘आसीर’वरून निघाला, हे एका गोष्टीवर ठरेल: १३९९ च्या आधी लिहिलेल्या मजकुरात गडाचं नाव. राजस्थानचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी टॉड अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीत असेरच्या चौहानांचा उल्लेख करतो, पण टॉड १८२९ चा, भाटांच्या तोंडून ऐकलेला. पृथ्वीराज रासोतला ‘असेरचा टाक’ही तसाच, कारण रासोची आजची संहिताच उशिराची.

सावदेकर

म्हणजे तुम्ही फिरिश्त्याला दोनशे वर्षांसाठी धरलंत, आणि टॉडला पाचशे वर्षांसाठी सोडलंत?

लळिंगकर

सोडलं नाही, दोघांनाही एकाच काट्यावर ठेवलं. १३९९ च्या आधीचा, त्याच काळात लिहिलेला एखादा उल्लेख कोणाकडे असेल तर मूळ ओळीसकट इथे टाका. त्यात ‘आसीर’ सापडलं तर नाव गडाचं आधी, आणि मग नासिरखानाच्या वेळचा अहीर ‘आसा’ कसा झाला याचं उत्तर तापीपूर्णाताईंना द्यावं लागेल.

तापीपूर्णा

उत्तर आत्ताच देते. घराणं सातशे नसो, शंभर वर्षं जरी डोंगरावर असेल तर आसा नासिरखानाच्या वेळचाच कशावरून? पणजोबाही आसा असू शकतो. एकच नाव एकाआड एका पिढीत फिरतं.