वडा तलाव, चांपानेर: आई-बाबांना घेऊन निवांत फेरी

रावपुरा
डिसेंबरातल्या एका रविवारी आई-बाबांना पावागडाच्या पायथ्याच्या वडा तलावावर न्यायचंय. दोघंही सत्तरीचे. गड चढायचा नाही, काठाकाठाने फिरायचं आणि पक्षी बघायचे. पूर्ण प्रदक्षिणा झेपेल का? निघावं किती वाजता?

पाणकावळा
प्रदक्षिणेचा हट्ट नकोच. पाणी ओसरतं तसा काठ आत सरकतो आणि मागे गाळाचा पट्टा उरतो. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो, पण पापुद्र्याखाली ओल असते. पाय घोट्यापर्यंत रुततो आणि उपसताना गुडघा मुरगळतो. गवत किंवा गुरांची वहिवाट असेल तिथूनच चाला. एका बाजूने किलोमीटरभर जाऊन त्याच वाटेने परत या. रमतगमत दोन तास जातात.

वडोदऱ्याहून हालोलमार्गे साधारण ५० किलोमीटर. सहाला निघा, म्हणजे कोवळं ऊन मिळेल. ऊन पाठीशी राहील असा काठ धरा. समोरून आलं की सगळे पक्षी नुसते काळे दिसतात.

सुरसागरकाठ
दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १० पटीची मोठं दाखवते, पण हाताचा कंपही तितकाच मोठा करते, म्हाताऱ्या हातांना ती नको.

वारकरी पक्ष्यांवर लक्ष ठेवा: काळं अंग, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा टिळा. चरताना थवा विखुरलेला असतो. माना वर करून एकत्र गोळा होऊ लागले की तुम्ही फार जवळ गेलात, तिथेच थांबा. त्यांना उडण्याआधी पाण्यावरून पाय मारत लांब पळावं लागतं. उगाच उठवलं तर ती ताकद फुकट जाते.

पाणवनस्पतींवर कमळपक्षी शोधा. लांबलचक बोटांमुळे वजन विभागलं जातं, म्हणून तो पानांवरून चालतो.

रावपुरा
चपला चालतील का बाबांना?

पाणकावळा
नाही. वेड्या बाभळीचे (गुजरातीत गांडो बावळ) काटे पातळ तळव्यातून आरपार जातात. जाड तळव्याचे बंद बूट आणि काठी. पाणी व बिस्किटं सोबत, पण खाणं हातात धरू नका, माकडं येतात.

सुरसागरकाठ
तो रविवार पौर्णिमेचा नाही ना, बघून घ्या. गडावरच्या महाकालीच्या दर्शनाला गाड्यांची रीघ लागते. दम उरला तर परतताना तलावाजवळची खजुरी मशीद पाहा. आणि स्वच्छतागृहाचं हालोललाच उरकून घ्या.