गाय घाण टाकतेय, दूध निम्म्यावर आलं. अर्जंट सांगा

फलटणकर गोठा: एचएफ (होल्स्टीन) गाय, दुसरं वेत. लालसर पातळ घाण टाकतेय, वास रस्त्यापर्यंत येतो. १८ लिटरवरून ९ वर आली. कुठलं इंजेक्शन आणू? मेडिकल आठला बंद होतं.

माळावरचा: व्यायली कधी? वार (वासरामागची झिल्ली) पडली का? ताप किती?

फलटणकर गोठा: आज सहावा दिवस. वार अडकली होती, दुसऱ्या दिवशी गावातल्या एकाने हात घालून काढली. ताप नाही बघितला, कान गार आहेत. इंजेक्शनचं नाव सांगा ना.

बांधावरून: बांबूचा पाला आणि गूळ. आमच्याकडे तीन पिढ्या हेच चालतं.

माळावरचा: अहो, तो पाला वार पडावी म्हणून घालतात. इथं गर्भाची पिशवी सडायला लागलीय.

जर्सीवाली: हात घालून ओढली तिथंच वाट लागली. तुकडे आत राहतात, पिशवी आतून सोलवटते. माझी अशीच पुढं चार वेळा उलटली, गाभणच राहिना, शेवटी विकली. कानावर जाऊ नका दादा. घरातला डिजिटल थर्मामीटर शेपटीखाली आत घाला, बाजूला टेकवून धरा. १०३ च्या वर असेल तर डॉक्टरच हवा. १९६२ लावा, जनावरांच्या डॉक्टरांचा सरकारी नंबर आहे.

दूधगंगाकाठ: आयोडीनने पिशवी धुऊन घ्या, आठवड्यात साफ.

जर्सीवाली: तापात? आतून आणखी भाजेल. आधी अंगातला ताप उतरू दे.

बांधावरून: इंजेक्शन दिलं की दूध डेअरीला चालत नाही, लक्षात ठेवा. तसंही या भावात काय उरतं म्हणा. पेंडीचं पोतं बघा कुठं गेलंय.

सांगोला ९: कालवड झाली का? द्यायची असेल तर सांगा.

माळावरचा: दिवस भरून व्यायली होती का?

फलटणकर गोठा: नाही, महिनाभर आधी. त्याचा काय संबंध?

माळावरचा: हे आधी सांगायचं ना! ब्रुसेला असू शकतो, गाभ टाकायला लावणारा रोग, माणसालाही लागतो. रक्त तपासून घ्या. हात घातला त्याने मोजे घातले होते का? त्याला ताप, सांधेदुखी आली तर दवाखान्यात पाठवा. घरात कच्चं दूध कुणी पिऊ नका. ती वार पुरली की उकिरड्यावर टाकली?

फलटणकर गोठा: उकिरड्यावर. कुत्र्यांनी नेली. ताप १०४.२ आला. डॉक्टर निघालेत.

सांगोला ९: मग कालवड राहू द्या.