देव नसेल तर चोरी वाईट कशावरून?

संगमनेरचे अण्णा:
गेल्या शनिवारी शनिशिंगणापूरला जाऊन आलो. ऐकलं होतं तसंच आहे. घराला चौकट आहे, दार नाही. कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी टेकवलेली, बस्स. शनिदेव बघतोय, चोरी पचत नाही! माझं म्हणणं एवढंच, की देव मानला तरच चोरी 'खरोखर' वाईट ठरते. नाहीतर ती फक्त चारचौघांना न आवडणारी गोष्ट. उद्या चारचौघांनाच आवडायला लागली तर?

मंजिरी:
अण्णा, ही नीती नव्हे, धास्ती. शनीला भिऊन हात आखडणारा आणि सीसीटीव्हीला भिऊन आखडणारा, दोघे एकाच माळेचे मणी. शिवाय देवाची आज्ञा कुठली हे ठरवणार कोण? त्याच गावात बायकांनी चौथऱ्यावर चढायचं नाही, हाही देवाचाच नियम होता ना? हायकोर्टाने कान उपटले आणि २०१६ च्या गुढीपाडव्याला तो गेला. मत कुणाचं बदललं, शनिदेवाचं की ट्रस्टचं?

संगमनेरचे अण्णा:
ट्रस्टचंच. देवाच्या नावावर माणसं काय काय खपवतात ते मला नका सांगू. पण 'तो नियम अन्यायाचा होता' असं तुम्ही ठणकावून म्हणता, ते कुठल्या मापाने? ते माप आणलंत कुठून?

पोथीवाला:
माप लागतं, कबूल. पण ते देवानेच द्यावं असं आपल्याकडच्याच कित्येकांनी मानलेलं नाही. पूर्वमीमांसक, म्हणजे वेदातलं यज्ञकर्म हाच धर्म मानणारे, त्यांच्याइतके कर्मठ लोक शोधून सापडायचे नाहीत. त्यांच्या लेखी धर्म बंधनकारकच, पण वेद अपौरुषेय, म्हणजे देवानेही रचलेले नाहीत. त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टाने तर जगाचा कर्ताच खोडून काढला. जैनांकडेही सृष्टिकर्ता नाही. कर्म आपोआप फळतं, न्यायाधीश लागत नाही. तरी हिंसा वाईट ती वाईटच, कुणाला आवडो न आवडो.

संगमनेरचे अण्णा:
मीमांसकांनी देव काढून तिथे वेद टांगला. खुंटी लागलीच की! जैनांचं मात्र डोक्यात घोळतंय, त्यावर लगेच उत्तर नाही.

मंजिरी:
खुंटी गोठ्यातच आहे. ज्याची म्हैस रात्रीत गेली त्याच्या दावणीपाशी सकाळी उभे राहा. तिथे पोथी उघडावी लागत नाही.

सोनईकर:
तुमचं चालू द्या. शिंगणापुरात २०१५ पासून पोलीस ठाणंही आहे, एवढं सांगून ठेवतो. अण्णा, पार्किंगमध्ये गाडी लॉक केली होतीत का?

संगमनेरचे अण्णा:
केली होती. परत जाऊन एकदा हँडल ओढूनही बघितलं.