'या' भागात पाणी नाही! कुठल्या, ते आधी सांगा

गिरणगावकर
काल इथेच एकाने शहाणपण शिकवलं: साप्ताहिकाच्या बातम्या शेअर करताना पोस्टमध्ये सगळं सांगून टाकू नका, अर्धं झाकून ठेवा, तरच लोक लिंक उघडतात. खाली अंगठ्यांची रांग.

आता माझ्या घरचं ऐका. गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका साप्ताहिकाची पोस्ट आली: "मुंबईकरांनो, 'या' भागात मंगळवारी पाणी नाही, जाणून घ्या!" आईने लिंक उघडली. एक जाहिरात, खाली दुसरी जाहिरात, मग पावसाळ्यात काय खावं. 'या' म्हणजे आपण की घाटकोपर, हे कळेपर्यंत तिचा चष्मा दुखायला लागला. ठेवला फोन. आमच्याकडे पाणी पहाटे पाऊण तास येतं. मंगळवारी नळ नुसता फुसफुसला आणि पिंप कोरडं. ७४ वर्षांची बाई शेजारच्या वहिनींकडून कळशी मागून आणते आहे! तो 'या' अवतरणचिन्हात घालणारा भेटला तर त्याला त्याच नळाखाली उभा करीन.

शुक्रवारचा_पोस्टकरी
दादा, मी हेच काम करतो. दुसऱ्या साप्ताहिकात, तुमच्या पाण्याचं पाप माझं नाही. अंक गुरुवारी रात्री लागतो आणि शुक्रवारी सकाळी एकट्याने दहा बातम्यांच्या पोस्टी पाडायच्या. फेसबुकला वेगळी, एक्सला वेगळी, व्हॉट्सअ‍ॅपला वेगळी. एक्सवर पैसे न भरता २८० अक्षरं, त्यातली २३ लिंकची. आणि ते आपली मात्रा, अनुस्वार, पाय मोडलेला सगळं सुटं मोजतं. 'मुख्यमंत्र्यांच्या' डोळ्याला ५ अक्षरं, त्याच्या हिशेबात १८! बसवून दाखवा त्यात भाग, वेळ आणि कारण. बरं, सगळं वरच वाचलं तर साइटवर कोण येणार? तुमच्या अंगठ्यांवर माझा पगार निघत नाही.

निवृत्त_मुद्रितशोधक
हे घ्या: "सोमवारी रात्री १० ते मंगळवारी रात्री १० वरळी, प्रभादेवी, लोअर परळमध्ये पाणी नाही. जलवाहिनीची दुरुस्ती. सोमवारीच भरून ठेवा." मात्रा धरूनही निम्मी जागा उरते. याच मुंबईत १८३२ साली जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, त्यांना नाही लागलं 'जाणून घ्या'.

शुक्रवारचा_पोस्टकरी
'दर्पण' १८४० मध्ये बंद पडलं, काका.

निवृत्त_मुद्रितशोधक
पडलं. 'या' न लिहिता पडलं.

स्लो_लोकल
भाग राहू द्या, तारीख तरी लिहा! "उद्या मेगाब्लॉक" असं कोणीतरी शनिवारी टाकलेलं फेसबुकने मला रविवारी रात्री दाखवलं. सोमवारी ठाण्याहून बसने निघालो, सायनला पोचेपर्यंत लेट मार्क. गाड्या वेळेवर होत्या म्हणे.

लोअरपरळकरीण
काकांनी लोअर परळ लिहिलं, डोळे निवले. परवा एका पोस्टमध्ये "अप्पर वरळीत वाहतूककोंडी". हे कुठलं गाव? लोअर परळचं बिल्डरच्या माहितीपत्रकातलं नाव बातमीत!! सासऱ्यांनी इथल्या गिरणीत साचे चालवले, त्यांना विचारलं, ते म्हणाले, वरळी समुद्राकडे, मग अप्पर कशावरून?

टॉवर_मजला_१७
लोक जे नाव शोधतात ते लिहायचं. तुमचं काय जातं?

लोअरपरळकरीण
भाडं जातं! परळचं वरळी झालं की पुढच्या करारात घरमालक आकडा वाढवतो. खाली उतरून चाला एकदा, रस्त्यावर कोणी अप्पर वरळी म्हणतं का ते बघा.

टॉवर_मजला_१७
एल्फिन्स्टन स्टेशनचं प्रभादेवी केलं तेव्हा कुठे गेला होता हा बाणा?

गिरणगावकर
ते २०१८ मध्ये देवीच्या नावाने झालं, कोणाचे फ्लॅट खपवायला नाही. दोन्ही एका मापाने मोजता? आई अजून एल्फिन्स्टनच म्हणते, ती गोष्ट वेगळी.

टॉवर_मजला_१७
मग पोस्ट गूगलसाठी लिहायची की तुमच्या आईसाठी?

गिरणगावकर
आईवर जाऊ नकोस.

टॉवर_मजला_१७
धाग्यात आई तुम्हीच आणलीत. आणि अरेतुरे नको.

निवृत्त_मुद्रितशोधक
भांडा, पण पालिकेच्या पत्रकातलं "जी दक्षिण" जसंच्या तसं उचलून टाकतात त्यांनाही धरा की. वॉर्डाचं अक्षर नगरसेवक सोडून कोणाला पाठ असतं?

लोअरपरळकरीण
जी दक्षिण परवडलं! निदान विकायला तरी काढलेलं नाही.

शुक्रवारचा_पोस्टकरी
धागा माझ्या पोस्टींचा होता, आठवण असावी म्हणून. बरं, मानलं. पाणी, मेगाब्लॉक, शाळेची सुट्टी: यात भाग, तारीख, वेळ वरच देईन, क्लिक गेले खड्ड्यात. पण "'या' अभिनेत्रीने घेतलं घर" तसंच राहणार. तिथे कोणाचं पिंप कोरडं पडत नाही.

गिरणगावकर
उपकार झाले. आणि ती अवतरणचिन्हं?

शुक्रवारचा_पोस्टकरी
ती संपादकसाहेब स्वतः घालतात. मी काढतो, ते परत घालतात.

लोअरपरळकरीण
घर कुठे घेतलं त्या बाईने? अप्पर वरळीत असेल तर लिहूच नका.